दोन ते सहा

सकाळी सव्वासातला मी पेटी भरते.
तळाला बर्फाच्या विटा, वर पुठ्ठा,
मग दोन पिशव्या : एक ओ निगेटिव्ह, एक ओ पॉझिटिव्ह,
त्यांच्या मधे थर्मामीटरची वायर.
काटा दोन ते सहा.
खाली गेला तर रक्त गोठतं, वर गेला तर नासतं.
सही माझी, सही तातोबा ड्रायव्हरची.
पेटी बावड्याच्या गाडीत चढते
आणि मी चहा प्यायला जाते.

एवढं ठरायला चौदा महिने लागले.
मीटिंगा झाल्या, भडंगाच्या बश्या फिरल्या.
एक साहेब म्हणाले, "रक्त म्हणजे काय दूध आहे,
दारोदार घालायला?"
मी मागच्या खुर्चीवर. टेक्निशियननं बोलायचं नसतं.
बोलले.
"दूध घालतातच की, साहेब. गंगावेशीत म्हैस उभी करून,
गिऱ्हाइकासमोर पिळून. फेस जायच्या आत पोटात."
हसले सगळे.
फाईल एक टेबल पुढं सरकली.

मग डॉक्टर सायराबानू मुल्लाणींनी
फळ्यावर रस्ता काढला.
गगनबावडा ते सीपीआर, पंचावन्न किलोमीटर.
कारखाने सुरू असले की उसाच्या ट्रॉल्यांमागं दोन तास.
खडू खाली ठेवून म्हणाल्या,
"बाळंतीण दोन तास वाहत नाही.
तिच्यात तेवढं नसतंच."
त्या दिवशी भडंगाला कुणी हात लावला नाही.

सुरुवातीला पिशवीत नुसतं लाल पाणी भरून तालीम केली.
मग खरी पेटी निघाली.
आणि सेहेचाळीस दिवस माझ्या वहीत एकच शब्द :
परत. परत. परत.
वाया काही गेलं नाही, ऑपरेशनला लागलं सगळं.
पण रोज संध्याकाळी भरलेली पेटी उघडताना
बरं वाटून घ्यावं की कसं, मला ठरवता यायचं नाही.

सत्तेचाळीसाव्या रात्री, पावणेबाराला,
फोनवर मुल्लाणी मॅडम, मागं सायरन.
धनगरवाड्यावरची सगुणा येडगे.
बाळ रडलं, वार पडली, रक्त थांबेना.
चौघांनी घोंगडीच्या झोळीतनं डांबरीपर्यंत आणलेली.
वरचा बीपी साठ. नाडी एकशेचाळीस.
"निगेटिव्ह लावते," म्हणाल्या, "नंबर लिहून घे."
मी अंधारातच लिहून घेतला, भिंतीवरच्या कॅलेंडरवर.

बाकीचं तातोबांनी सांगितलेलं :
साळवणच्या अलीकडं गाडी बाजूला घेतली,
शीर सापडेना, तिसऱ्यांदा सापडली.
घोंगडी तिच्याच अंगावर टाकली, गार पडत होती म्हणून.
सासूला सांगितलं, पोट चोळत रहा, थांबायचं नाही.
तर थांबलीच नाही म्हातारी,
कळे गेलं, बालिंगा गेलं,
सीपीआरच्या दारात सिस्टरनं हात धरून सोडवला तिला.
पण त्याआधी कुठंतरी, पिशवी निम्मी झाल्यावर,
ती पोरगी म्हणाली, "पाणी."

पेटी सकाळी आली. विटा वितळलेल्या, काटा अकरावर.
का, म्हणून कुणी विचारलं नाही.
वहीत लिहिलं : वापरली.
त्यापुढचा रकाना आमच्या वहीत नाही.
मी समासात बारीक अक्षरात लिहिलं : बोलली.
ऑडिटवाल्यांनी त्यावर लाल गोल काढलाय.

केरबा वस्ताद दर तीन महिन्यांनी येतात,
फुटक्या कानांचे, ओ निगेटिव्हचे.
खुर्चीत बसले की त्यांचा ठरलेला प्रश्न :
"मागचं माझं कुनाला गेलं वो?"
सांगायचं नसतं. पण कॅलेंडरवरचा नंबर मला पाठ होता.
"वर गेलं," मी म्हणाले.
वस्तादांचं तोंड एवढंसं झालं.
"अवो, तसलं वर न्हवं! बावड्याला. घाटावर."
"मग तसं सांगायचं की," म्हणाले,
आणि सदऱ्याची बाही वर सारत :
"ह्यो हात घ्या आज. त्यो काल पोरांनी पिरगाळलाय."